बैलांनी ओढलेली आगगाडी आणि सायकलीची वाट

आमच्या वाड्यावर रोज पहाटे पोदेर येतो. त्याच्या भोंप्याचा आवाज ऐकला की समजावे, सहा वाजून गेले. लहानपणापासून ऐकत आलेला हा आवाज तसाच आहे, पण दोन वर्षांपूर्वी त्याच्या खालचे वाहन बदलले. मागे भली मोठी पाटी बांधलेली सायकल गेली आणि स्कूटर आली. मी एकदा सहज विचारले तेव्हा पोदेर म्हणाला, "रस्तो रुंद जालो मरे. आता सायकलीर भंय दिसता." रस्ता रुंद झाला म्हणून सायकल चालवायची भीती वाटते! हे वाक्य माझ्या डोक्यात बसून राहिले.

त्याच आठवड्यात आमच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने मोबाईलवर फोटो दाखवले. आता गोव्यात घरटी एक तरी माणूस पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात असतो, तशी त्याची मुलगी फ्रान्समध्ये आहे. सुट्टीत ती नवऱ्याबरोबर सायकलने फिरायला गेली होती. कडेला एक लहानशी नदी, पलीकडे चरणाऱ्या पांढऱ्या गाई, द्राक्षांचे मळे, आणि मधून एक सरळ, गुळगुळीत, झाडांच्या सावलीतली वाट. वाटेवर एकही मोटार नाही. एका फोटोत वाटेच्या कडेला एक छोटेसे जुने रेल्वे स्थानक होते, फलाटासकट. पण रूळ मात्र कुठेच नव्हते. सहकारी म्हणाला, "रेल्वे बंद पडली, तर त्यांनी तिथं सायकलींची वाट केली."

तो फोटो पाहिला आणि मला एकदम डभोई आठवले. वडोदऱ्याजवळचे डभोई. कुठे फ्रान्स आणि कुठे डभोई, असे तुम्ही म्हणाल. पण मित्रहो, या दोन गोष्टींत जेवढे अंतर वाटते तेवढे नाही. तेच आज सांगायचे आहे.

आधी त्या फोटोतल्या वाटेबद्दल. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात ग्रोन नावाची नदी आहे. तिच्या खोऱ्यात क्लुनी हे गाव. इसवी सन ९१० मध्ये इथे ख्रिस्ती संन्याशांचा जो मठ स्थापन झाला, तो मध्ययुगात साऱ्या युरोपात गाजला. या खोऱ्यातून एक रेल्वे जात असे. मोटारी आल्या, बस आल्या, गावातली तरुण माणसे शहरांकडे गेली आणि रेल्वे रिकामी धावू लागली. शेवटी ती बंद झाली, रूळ काढले गेले. मग तिथल्या स्थानिक प्रशासनाने गिव्री ते क्लुनी हा ४४ किलोमीटरचा पट्टा साफसूफ करून १९९७ मध्ये सायकलस्वारांना आणि पायी चालणाऱ्यांना खुला केला. फ्रान्समधली ही पहिली 'व्वा व्हेर्त', म्हणजे हिरवी वाट. पुढे अशा वाटा सर्वत्र झाल्या. २००४ मध्ये तर त्यांच्या वाहतूक नियमांतच या शब्दाची व्याख्या आली. इंजिनाच्या वाहनांना तिथे मज्जाव. क्लुनीच्या दक्षिणेला याच वाटेवर दीड किलोमीटरहून लांब असा एक जुना रेल्वे बोगदा आहे. हिवाळ्यात तो बंद ठेवतात. कारण काय, तर तेव्हा आत वटवाघळे झोपलेली असतात! सायकलवाल्यांनी डोंगरावरून वळसा घालून जायचे.

रेल्वेच्या जुन्या वाटेवर सायकल इतकी सुखाने का चालते, यामागे साधे कारण आहे. आगगाडीला उभा चढ चढवत नाही. म्हणून रेल्वेचा मार्ग आखणारा माणूस टेकडी आली की ती कापतो, खळगा आला की भराव घालतो. सायकल मारणाऱ्याचे पाय आणि आगगाडीचे इंजिन, दोघांची नावड एकच. नदीकाठच्या वाटांचेही तसेच. फ्रान्समध्ये कालव्यांच्या आणि नद्यांच्या काठाने पूर्वी घोडे, आणि कधीकधी माणसेही, दोराने नावा ओढत चालत. पाण्याची पातळी सपाट, म्हणून काठावरची वाटही सपाट. नावांना इंजिने आली, घोड्यांचे काम संपले, वाटा उरल्या. आज त्यावर सायकली धावतात. लुआर नदीच्या काठाने जाणारा सायकलमार्ग तर सुमारे ९०० किलोमीटर लांब आहे.

जनावराने ओढायची वाट, मग इंजिनाची वाट, मग सायकलीची वाट. हा क्रम लक्षात ठेवा. आता वडोदऱ्याला येऊ.

*

माझी मावशी लग्न होऊन वडोदऱ्याला गेली. दांडिया बाजारात त्यांचे घर. गोव्यातून तिथे जायचे म्हणजे त्या काळी दिव्य होते. कोकण रेल्वे नव्हती. ती पुरी झाली १९९८ मध्ये. आम्ही रात्रभर बसने मुंबईला जायचो, तिथून गुजरातची गाडी. पण पोचल्यावर मजा असायची. घरात मराठी, पण ती मराठी अशी, की प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक 'ने' चिकटलेला. "बैस ने", "खा ने अजून". आम्ही भावंडे परत आल्यावर महिनाभर त्या 'ने'ची नक्कल करायचो आणि आईचा मार खायचो.

मावशीचे यजमान, आमचे काका, डभोईच्या पलीकडे एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. वडोदऱ्याहून रोज ये-जा. सकाळी प्रतापनगर स्थानकावरून छोटी गाडी पकडायची, डभोईला उतरायचे, स्टँडवर ठेवलेली सायकल घ्यायची आणि पाच-सहा किलोमीटर आत जायचे. संध्याकाळी उलट. बदली टाळण्यासाठी लोक काय काय करतात ते आम्हा सरकारी नोकरांना ठाऊक आहे. काकांनी मात्र बदली मागितलीच नाही. त्यांना ती गाडी आवडायची.

ती गाडी मी पहिल्यांदा पाहिली १९९० च्या सुमारास, दहा-अकरा वर्षांचा असताना. आजीला नर्मदेवर गरुडेश्वरला जायचे होते. टेंब्येस्वामींची समाधी तिथे आहे. वासुदेवानंद सरस्वती मूळ आमच्या शेजारचे, सावंतवाडी संस्थानातल्या माणगावचे. १८५४ चा जन्म. साऱ्या हिंदुस्थानात पायी फिरून १९१४ मध्ये त्यांनी नर्मदेकाठी देह ठेवला. आजीला वाटे, आपल्या गावाकडचा माणूस इतक्या दूर जाऊन राहिला, त्याला भेटून यावे. म्हणून आम्ही चांदोदपर्यंत छोट्या गाडीने गेलो. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. डबा इतका अरुंद, की समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागत. दुधाच्या कॅन, भाजीच्या टोपल्या, खिडकीबाहेर लटकवलेली एक सायकल. गाडीचा वेग असा, की मधेच एक मुलगा उतरून पळत पळत पुढच्या डब्यात चढला.

काका खिडकीबाहेर बोट दाखवून इतिहास सांगत होते. भिलापूरच्या आसपास म्हणाले, "इथे पहिल्या बाजीरावाने सेनापती दाभाड्यांना हरवले ने." १ एप्रिल १७३१ ची ती डभोईची लढाई. मराठ्यांनीच मराठ्यांशी केलेली. सेनापती त्र्यंबकराव दाभाडे तिथे पडले. पिलाजीराव गायकवाड दाभाड्यांच्या बाजूने लढत होते. गुजरातेत पेशव्यांचे वजन वाढले ते त्या दिवसापासून, आणि पुढे दाभाड्यांच्या जागी गायकवाडच मोठे झाले. मी बाहेर पाहिले तर कापसाची शेते आणि एक म्हैस. इतिहास असाच असतो, जिथे घडला तिथे दिसत नाही.

आणि मग काकांनी ती गोष्ट सांगितली, जी मला तेव्हा थाप वाटली होती. म्हणाले, "ही गाडी आधी बैल ओढायचे."

*

थाप नव्हती. खंडेराव महाराज गायकवाड १८५६ ते १८७० बडोद्याच्या गादीवर होते. बी.बी.सी.आय. कंपनीची मोठी रेल्वे १८६१ मध्ये बडोद्यापर्यंत आली. ती मियागामवरून जात होती. मियागामच्या ईशान्येला सुमारे ३२ किलोमीटरवर डभोई, आणि डभोईच्या भोवती काळी कपाशीची जमीन. नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला जाईना आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पावसाळ्यात त्या काळ्या चिखलातून गाडा काढणे म्हणजे काय, ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. तेव्हा डभोईचा माल मियागामच्या मोठ्या रुळांपर्यंत न्यायला खंडेरावांनी स्वतःच्या खर्चाने छोटे रूळ टाकले. साल १८६२. हिंदुस्थानातली ही पहिली अरुंद मापाची रेल्वे, आणि संस्थानिकाच्या मालकीचीही पहिली.

आणि तिला जुंपले बैल. लोक हे वाचून हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. चिखलात जे बैल अर्धा गाडा ओढताना फेसाळत होते, तेच बैल लोखंडी रुळांवर त्याच्या कितीतरी पट ओझे ओढू शकत होते. रूळ हा रस्ताच, फक्त न रुतणारा. वर्षभरातच इंजिन आणून पाहिले, पण त्या हलक्या रुळांना ते मानवेना. बैलच बरे, असे ठरले. पुढे मजबूत रूळ टाकून १८७३ मध्ये ती वाट नव्याने सुरू केली आणि मग हळूहळू बैलांची सुट्टी झाली.

म्हणजे बघा, फ्रान्समध्ये घोडे काठाने चालत नाव ओढत होते आणि डभोईला बैल चालत गाडी ओढत होते. तत्त्व तेच. जनावराच्या पायाला जी वाट सोसते ती सपाट आणि सौम्य असते.

आणखी एक योगायोग. फ्रान्समध्ये १८७९ साली फ्रेसिने नावाच्या मंत्र्याने एक मोठी योजना मंजूर करून घेतली. प्रत्येक लहान गावाला रेल्वे. ज्या खेडोपाडीच्या रेल्वेंवर आज सायकली धावतात, त्यांतल्या कितीतरी या योजनेतून झाल्या. इकडे त्याच १८७९ मध्ये डभोई ते चांदोद ही शाखा उघडली. तेव्हा मल्हाररावांना इंग्रजांनी पदच्युत केले होते, दत्तक आलेले सयाजीराव अजून अज्ञान होते आणि कारभार पाहत होते दिवाण सर टी. माधवराव. हे माधवराव तंजावरच्या मराठी घराण्यातले, कुंभकोणमला जन्मलेले. मराठी माणूस कुठून कुठे जातो पहा! त्यांच्याच कारकिर्दीत रूळ डभोईहून बडोद्याच्या गोयागेटपर्यंत आले. तेच आजचे प्रतापनगर. सयाजीरावांनी १८८१ च्या अखेरीस सूत्रे हाती घेतली आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत या छोट्या रुळांचे जाळे इतके पसरले, की डभोई हे अरुंद मापाच्या रेल्वेचे मोठे केंद्र झाले.

या जाळ्याची एक गंमत पाहा. त्याचे कितीतरी फाटे नर्मदेकडे जातात. चांदोद, जिथे ओरसंग नर्मदेला मिळते. गुजराती कवी दयाराम तिथलेच. श्री अरविंद बडोद्यात नोकरीला होते तेव्हा याच चांदोदजवळ गंगनाथच्या ब्रह्मानंद स्वामींना भेटायला जात. मियागामहून निघालेला एक फाटा मालसरला, दुसरा मोटी कोरलला. मोटी कोरलजवळ नारेश्वर, रंगावधूत महाराजांचे स्थान. तेही मराठी घरातलेच, पांडुरंग वळामे. ही सगळी परिक्रमेतली ठिकाणे. नर्मदेच्या काठाकाठाने पायी चालत, नदी उजव्या हाताला ठेवून, तिला पूर्ण प्रदक्षिणा घालणारे परिक्रमावासी शतकानुशतके इथून जात आहेत. वाहनांचा संबंध नाही, घाई नाही, वाटेतले गाव जे देईल ते खायचे. फ्रान्समधल्या लोकांनी नदीच्या खोऱ्यातून सावकाश प्रवास करण्याचे सुख पुन्हा शोधून काढले म्हणून आपण त्यांचे कौतुक करतो, आणि केलेच पाहिजे. पण आपल्याकडे ते सुख कधी हरवलेच नव्हते. हरवत चालली आहे ती वाट.

*

आता थोडे सायकलीबद्दल. फ्रान्समध्ये साधा कामगार सायकलीवर बसून नदीकाठी फिरायला कधी गेला? १९३६ मध्ये. त्या वर्षी तिथे डाव्या पक्षांच्या आघाडीचे सरकार आले आणि कायदा झाला, की कामगाराला वर्षातून दोन आठवडे भरपगारी सुट्टी. त्याआधी फिरणे हा श्रीमंतांचा छंद. त्या उन्हाळ्यात नवरा-बायको जोडसायकलीवर तंबू बांधून शहराबाहेर पडले, काहींनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. गाडीच्या तिकिटातही सवलत दिली होती. म्हणजे सायकलीची सहल ही गोष्ट फक्त वाटेवर अवलंबून नाही. सुट्टीवर, पगारावर, सरकारवर अवलंबून आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण फोटो पाहून आपल्याला वाटते की युरोपातली माणसेच वेगळी. नाही हो. त्यांना ती सवड कायद्याने मिळाली.

आपल्याकडे सायकल ही सहल नव्हतीच, ती नोकरी होती. आमचा पोदेर, पोस्टमन, दूधवाला, डभोईचे काका. काकांनी निवृत्तीनंतरही सायकल सोडली नाही. खंडेराव मार्केटला भाजीला जायचे तर सायकल, सयाजीबागेत फिरायला जायचे तरी सायकल. दरम्यान छोटी गाडी हळूहळू संपत होती. वडोदरा-डभोई-छोटा उदेपूर मार्ग रुंद मापाचा झाला. काका म्हणत, "चांगले झाले ने. लोकांना वेग पाहिजे." ते रडगाणे गाणारे नव्हते.

२०१४ च्या हिवाळ्यात, चौऱ्याहत्तरीचे असताना, एका सकाळी ते सायकल घेऊन डभोई रस्त्याला लागले. कुठे जातो ते मावशीला सांगितले नव्हते. शहराबाहेर एका अवजड गाडीचा धक्का लागला. गाडी थांबली नाही. मागून येणाऱ्या एका रिक्षावाल्याने त्यांना उचलून रुग्णालयात नेले. खुब्याचे हाड मोडले होते. ते बरे झाले, काठीने चालू लागले, पुढे चार वर्षे जगले. पण सायकल जिन्याखाली गेली ती गेलीच. कुठे निघाला होता, असे मी एकदा विचारले. म्हणाले, "शाळा बघायला. एवढ्या वर्षांचा रस्ता, पायांना ठाऊक आहे." थोड्या वेळाने म्हणाले, "रस्ता ठाऊक होता. रस्त्याला मी ठाऊक नव्हतो."

पोदेराचे वाक्य मला इतके का लागले, ते आता तुमच्या लक्षात आले असेल.

*

गेल्या जानेवारीत मावशीला भेटायला गेलो. मावसभावाबरोबर प्रतापनगरला रेल्वेचे वारसा उद्यान पाहिले. छोट्या गाडीच्या आठवणी तिथे जपल्या आहेत. दुसऱ्या दिवशी विजेच्या गाडीने चांदोदला गेलो. डभोई-चांदोद मार्ग रुंद होऊन पुढे केवडियापर्यंत नवा रूळ गेला आहे. १७ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधानांनी त्याचे उद्घाटन केले. सरदार पटेलांचा पुतळा पाहायला देशभरातून माणसे तिकडे जातात. स्वच्छ स्थानके, रुंद आसने, कोणाचे गुडघे कोणाला लागत नाहीत. मला ते आवडले, हे प्रामाणिकपणे सांगतो. आजी असती तर तिलाही आवडले असते.

म्हणून मी असे म्हणणार नाही, की छोटी गाडी काढली ते चुकले. जिथे माणसे आहेत, माल आहे, तिथे मोठी गाडी हवीच. प्रश्न उरलेल्या फाट्यांचा आहे. २०१८ मध्ये रेल्वेने गुजरातमधले पाच अरुंद मार्ग वारसा म्हणून राखायचे ठरवले होते. डभोई-मियागाम, मियागाम-मालसर, चोरंदा-मोटी कोरल, प्रतापनगर-जंबुसर आणि दक्षिणेकडचा बिलिमोरा-वघई. सगळे मिळून २०४ किलोमीटर. पण मार्च २०२० मध्ये साथीमुळे देशभरातल्या गाड्या थांबल्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तोट्यातल्या शाखा कायमच्या बंद करण्याचा विषय निघाला. त्यात यांतलीही नावे होती. लोकांनी ओरड केली. बिलिमोरा-वघई गाडी सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली, तिला एक वातानुकूलित डबाही लागला. सगळ्यांचे नशीब तसे नाही.

परत येताना मावसभावाने मोटारसायकल एका फाट्याला वळवली आणि मला एका जुन्या भरावावर उभे केले. दोन्ही बाजूंनी गांडा बावळीचे काटेरी रान. मधून एक पायवाट. थोडा वेळ उभे राहिलो तर शाळेच्या गणवेशातल्या तीन मुली सायकलींवरून त्या भरावावरूनच गेल्या. गुजरातमध्ये नववीतल्या मुलींना सरकारकडून सायकली मिळतात, सरस्वती साधना योजनेतून. बाजूने डांबरी रस्ता होता, चांगला रुंद. त्यावरून वाळूचे डंपर जात होते. मुलींनी रस्ता सोडून काट्यांची वाट घेतली होती. त्यांना कुणी 'हिरवी वाट' वगैरे समजावून सांगितले नव्हते. त्यांना फक्त जिवंत घरी पोचायचे होते.

तेव्हा माझ्या मनात आले, की फ्रान्सकडून शिकायचे ते इथे. पण आंधळेपणाने नको. तिकडची खोरी ओस पडली होती, म्हणून वाट मोकळी मिळाली. आपल्याकडे भरावाच्या दोन्ही बाजूंना शेते आहेत, गावे आहेत. इथे वाट केली तर दुसऱ्या दिवशी तिच्यावर मोटारसायकली येतील, तिसऱ्या दिवशी कुणी मिरच्या वाळत घालील, हे मला कळते. त्यासाठी दोन्ही टोकांना खुंट रोवावे लागतील, आणि ते कुणी उपटू नयेत म्हणून गावालाच ती वाट आपली वाटावी लागेल. सहलीसाठी केलेली वाट गाव सांभाळणार नाही. शाळेसाठी केलेली सांभाळील. मग त्याच वाटेने एखादा परिक्रमावासी गेला, एखादा मुंबईचा सायकलवाला चांदोदपर्यंत फिरून आला, तर कुणाला नको आहे?

आणि एक गोष्ट कारकून म्हणून सांगतो. मी अनेक वर्षे भूसंपादनाच्या फायली हाताळल्या आहेत. चौकोनी जमीन मिळवणे एक वेळ सोपे. पण बारा फूट रुंद आणि तीस किलोमीटर लांब अशी सलग पट्टी मिळवायची झाली तर शेकडो खातेदार, शेकडो उतारे, नावे मृतांची, वारस परदेशात. आमच्या गोव्यात एका फर्लांगाच्या रस्त्यासाठी फॉर्म एक-चौदावरची नावे शोधताना माझे केस पांढरे झाले. खंडेरावांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी अशा सलग पट्ट्या आपल्याला तयार करून ठेवल्या आहेत. त्या आज विकल्या, तुकडे केले, मध्ये एक गोदाम उठले, की संपले. पुन्हा कधीही जुळणार नाहीत. अमेरिकेत १९८३ मध्ये यावर एक शहाणा कायदा केला. रेल्वे बंद झाली तरी पट्टी मोडायची नाही, पायवाट म्हणून वापरात ठेवायची; उद्या रेल्वेला गरज पडली तर तिने ती परत घ्यावी. म्हणजे वाट ही रेल्वेची बँकेत ठेवलेली ठेव. मला ही कल्पना फार आवडली. यात छोट्या गाडीचे प्रेमीही हरत नाहीत आणि मोठ्या गाडीवालेही.

हे फक्त वडोदऱ्यापुरते नाही. विदर्भात कापसासाठीच झालेली मूर्तिजापूर-यवतमाळची 'शकुंतला' आहे. तिच्या फायलींतही हेच प्रश्न असणार.

असो. मी काही रेल्वेमंत्री नाही. यूडीसी आहे. माझ्या टिपणीवर फार तर 'पाहिले' असा शेरा येईल. पण निघताना मावशीने एक काम सांगितले. जिन्याखालची काकांची सायकल कुणाला तरी देऊन टाक म्हणाली, गंजून चालली आहे. मावसभावाने ती दुरुस्त करून घेतली, नवे टायर घातले, आणि काकांच्या शाळेत नेऊन दिली. तिथल्या एका शिक्षकाला ती उपयोगी पडेल असे वाटले. त्यांनी आनंदाने घेतली, चालवून पाहिली, आणि मग विचारले, "घरून आणायची कुठल्या वाटेने?"

मावसभावाकडे उत्तर नव्हते. त्याने सायकल शाळेच्या व्हरांड्यात लावली. सध्या मुले तिच्यावर मैदानात फेऱ्या मारायला शिकत आहेत.